सायकलीचा जीर्णोद्धार

घरात एखादी जुनी वस्तू निरुपयोगी होऊन पडली म्हणजे तिजविषयी कुटुंबात बहुधा तीन पक्ष उभे राहतात. पहिला पक्ष म्हणतो की, ती भंगारात द्यावी आणि जागा मोकळी करावी. दुसरा म्हणतो की, ती वाडवडिलांची आहे. तीस घासूनपुसून दिवाणखान्यात मांडावी आणि आल्यागेल्यास दाखवावी. तिसरा पक्ष संख्येने नेहमीच अल्प असतो. त्याचे म्हणणे असे की, जी वस्तू ज्या कामासाठी निर्माण झाली ते काम तिजकडून पुन्हा करून घ्यावे. तीच तिची खरी संभावना. आमच्या घरी जिन्याखाली वीस वर्षे उभी असलेल्या एका सायकलीवरून गेल्या चैत्रात हे तिन्ही पक्ष समोरासमोर आले, आणि बराच खल होऊन तिसऱ्याची सरशी झाली. आज ती सायकल दळण नेते, भाजी आणते, पोस्टात जाते आणि वाचनालयाची पुस्तकेही पोचविते. एवढ्यावरून तिजवर लेख लिहावा काय, असे कोणी विचारील. परंतु या उद्योगात चार महिने घालविल्यावर मला असे वाटू लागले आहे की, वस्तू टिकते कशाने, या प्रश्नाचे उत्तर एखादी सायकल उघडून पाहिली असता फार स्पष्ट मिळते. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या महिन्याचा विषय.

आपल्या शास्त्रकारांनी भग्न देवालयाच्या दुरुस्तीस 'जीर्णोद्धार' असा शब्द योजिला असून अग्निपुराणात त्या विधीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्या शब्दातील 'उद्धार' या पदाकडे लक्ष द्यावे. उद्धार म्हणजे वर काढणे. देवालयाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे तेथे पूजाअर्चा पुन्हा सुरू होते. नुसत्या भिंती सांधून दारास कुलूप लावले तर त्यास कोणी जीर्णोद्धार म्हणत नाही. अहल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी जी देवळे सावरली आणि जे घाट बांधले, ते लोकांनी दुरून पाहावेत म्हणून नव्हे, तर तेथे स्नानसंध्या व्हावी म्हणून. हा न्याय सायकलीस लावण्यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मी जाणतो. तथापि जो लहान वस्तूसही लागू पडतो, त्यासच न्याय म्हणावयाचे.

आमची सायकल 'हिंद' या नावाची. मुंबईस वरळीच्या कारखान्यात ती तयार झाली आणि वडिलांनी १९५६ साली ती घेतली. तरुण वाचकांनी हे नाव ऐकलेही नसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक सायकली विलायतेहून येत. नॉटिंगहॅमची राले, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. आणि हर्क्युलिस ही नावे त्या काळी शिकलेल्या घरांतून परिचित होती. महायुद्धाच्या सुमारास मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर तर एकामागून एक कारखाने उभे राहिले: मद्रासेस टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनपतेस अ‍ॅटलस १९५१ साली, लुधियान्यास हीरो १९५६ साली, आणि बंगालात आसनसोल येथे सेन-राले. यांपैकी हिंद व सेन-राले या दोहोंस सरकारने १९८० साली एकाच कायद्याने आपल्या ताब्यात घेतले. तरी त्यांचे दिवस फिरले नाहीत आणि कालांतराने दोन्ही कारखाने बंद पडले. अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० साली ३ जून रोजी थांबला. तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी जागतिक सायकलदिन म्हणून नेमलेला. हा योगायोग पुष्कळांच्या मनास चटका लावून गेला.

आता सामान्य समजूत अशी की, ज्याने वस्तू घडविली तो कारखानाच नाहीसा झाला म्हणजे वस्तू अनाथ झाली. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत ही समजूत खरीही आहे. घराघरांतील कपाटांत असे किती तरी फोन व विजेची उपकरणे पडून आहेत की, ज्यांचा एक सुटा भाग मिळत नाही म्हणून ती संपूर्ण मेली. आमच्या हिंदचे मात्र तसे झाले नाही. जिन्याखालून काढून तीस आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीपुढे उभी केली, तेव्हा ती कोठल्या कारखान्याची हे त्याने विचारलेच नाही. त्याने चाकावरून हात फिरविला आणि म्हणाला, "अठ्ठावीस-दीड. सगळं मिळेल, गुरुजी."

या दोन शब्दांत सगळे रहस्य आहे. अठ्ठावीस-दीड म्हणजे टायरासह चाकाचा व्यास २८ इंच आणि टायराची जाडी दीड इंच. हे माप विलायतेहून आले आणि आपल्याकडील साध्या काळ्या सायकलीत अद्याप चालू आहे. या मापाची टायरे आजही भारतात तयार होतात. साखळीच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, पायडलाच्या आट्याचा व्यास ९/१६ इंच, हीही मापे तीच राहिली. स्क्रूच्या आट्यांस सर्वांनी एकच माप वापरावे हा विचार इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली मांडला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडील सायकल-कारखानदारांनी आपल्या धंद्यापुरती आट्यांची मापे ठरवून घेतली. ज्याने ती स्वीकारली त्याची सायकल, कारखाना बुडाल्यावरही, कोणत्याही गावी दुरुस्त होऊ शकते. याचे उलट उदाहरणही आहे. पायडलांच्या मधल्या आसास, ज्यास मिस्त्री लोक 'बी. बी.' म्हणतात, दोन्ही बाजूंनी आट्यांचे कप बसवितात. इतर कारखाने त्या कपांस दर इंचास २४ आटे ठेवीत. राले कंपनीने आपले २६ ठेविले. दोन आट्यांचा फरक डोळ्यास दिसतही नाही. परंतु जुन्या विलायती रालेचा कप झिजला म्हणजे बाजारातला साधा कप तेथे बसत नाही, आणि मालकास दुसऱ्या एखाद्या मोडक्या रालेच्या शोधात फिरावे लागते. पाणिनीने बांधून दिलेली भाषा अडीच हजार वर्षांनीही दूरदूरच्या माणसांस कळते, कारण तिचे नियम सर्वांचे आहेत. दोघा भावांनी लहानपणी रचलेली गुप्त बोली मात्र त्या दोघांबरोबरच संपते.

असो. माप जुळले म्हणून काम आपोआप होत नाही. त्यासाठी हात लागतात, आणि घाई न करण्याचा स्वभाव लागतो.

प्रथम सांगाडा तपासला. मागल्या चाकाच्या एका खाचेशी दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलाच्या नळीस वळसा घालावा आणि परत आणून दुसऱ्या खाचेशी ताणून बांधावा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. अंतरे सारखी आली तर सांगाडा सरळ. न आली तर तो कोठेतरी वाकला आहे असे समजावे. आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने हे मोजमाप केले आणि एका सुताचाही फरक निघाला नाही. समद्विभुज त्रिकोण वहीबाहेरही असतो, हे त्यास त्या दिवशी पटले.

सर्वांत हट्टी निघाली ती कॉटर पिन. पायडलाची दांडी मधल्या आसावर या लहानशा पाचरीने आवळलेली असते, आणि वीस वर्षांच्या गंजाने पाचर व दांडी एकजीव झालेली होती. नातू हातोडा घेऊन सरसावला, तेव्हा मिस्त्रीने त्याचा हात धरला. त्याने सांगितलेला क्रम मला एखाद्या सूत्रासारखा वाटला: आधी रॉकेल, मग आधार, मग एकच घाव. हलके हलके दहा घाव घातले तर पिनेचे टोक फुगते आणि ती मुळीच निघत नाही. म्हणून तीन रात्री पिनेवर रॉकेल सोडले, चौथ्या दिवशी दांडीखाली लोखंडी नळीचा आधार दिला, आणि एका घावात पिन बाहेर आली. ज्यांस घरी हे काम करावयाचे असेल त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो आणि उजवीकडचा बी. बी. कपही उलट्या आट्याचा असतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य जितका जोर लावील तितका तो भाग अधिकच आवळत जातो.

यानंतरच्या कामास आपल्याकडे 'ओव्हरॉइलिंग' असे नाव आहे. मूळ इंग्रजी शब्द 'ओव्हरहॉल'. परंतु या कामात तेल फार लागते असे पाहून लोकांनी त्यात 'ऑइल' घातले. शब्दशास्त्रात यास लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ही व्युत्पत्ती मूळ शब्दाहून अधिक अर्थपूर्ण आहे असे माझे मत आहे. सायकल हलकी चालते ती छऱ्यांच्या जोरावर. आमच्या हिंदच्या मागल्या चाकात दर बाजूस पाव इंचाचे ९ आणि पुढल्या चाकात दर बाजूस ३/१६ इंचाचे १० छर्रे बसले. बाहेर काढले तेव्हा कित्येकांवर खड्डे पडलेले होते. सारे छर्रे नवे घातले, कारण एक जरी खराब राहिला तरी तो बाकीच्यांस व कोनास खातो. बसविताना मिस्त्री जागा गच्च भरीत नाही. छऱ्यांस फिरावयास मोकळीक लागते. कोन आवळतानाही तोच विवेक. सैल राहिला तर चाक डुलते, फार आवळला तर चाक जड होते व छर्रे फुटतात. चाक अधांतरी धरून फिरविले असता ते आपल्याच वजनाने, व्हाल्व्हची जड बाजू खाली येऊन, सावकाश थांबले पाहिजे. ही परीक्षा कोणासही घेता येते.

चाकाचे शास्त्र मला विशेष मनोरंजक वाटले. नाभि, अर आणि नेमि हे चाकाचे तीन अवयव आपल्या प्राचीन वाङ्मयात वारंवार येतात, आणि बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे व पाटे या नावांनी ते आजही ओळखता येतात. परंतु गाडीचा आरा आणि सायकलीचा आरा यांच्या धर्मात मूलतः भेद आहे. गाडीचा लाकडी आरा खांबासारखा दाब सोसतो; तुंब्यावरचे ओझे खालच्या आऱ्यावर टेकते. सायकलीचा आरा म्हणजे एक बारीक तार. ती दाबली तर तत्काळ वाकेल. म्हणून सर्व तारा आधीपासूनच ताणून धरलेल्या असतात, आणि ओझे आल्यावर खालच्या तारांचा ताण किंचित कमी होतो, इतकेच. दाब सोसण्याऐवजी ताण सोसावयाचा, या एका युक्तीने गाडीच्या चाकाच्या मानाने अत्यंत हलके चाक माणसाचे ओझे वाहू लागले. पुढल्या चाकास ३२ व मागल्यास ४० तारा, कारण मागल्या चाकावर भार अधिक. त्या बत्तीस व चाळीस तारांचा ताण समतोल करणे म्हणजेच 'आऊट काढणे'. मिस्त्री हे काम डोळ्याने जितके करतो तितकेच कानाने. तारेस नखाने छेडून तो स्वर ऐकतो. सैल तारेचा स्वर खाली येतो. पाऊण तासाने त्याने चाक सोडले, तेव्हा ब्रेकच्या रबराजवळून फिरणारी रिम स्थिर उभी आहे असा भास झाला.

दांडीचे ब्रेक तेच ठेवले, फक्त रबरे नवी घातली. या ब्रेकांचा एक दोष वाचकांस सांगितला पाहिजे. रिम लोखंडी असल्याने पावसात ओली झाली म्हणजे ब्रेक उशिरा धरतात. पावसाळ्यात वेग निम्मा ठेवावा आणि चौकाच्या बरेच आधी ब्रेक दाबून पाहावा, हाच त्यावर उपाय.

एक फेरफार मात्र मी हेतुपुरस्सर केला. पुढल्या चक्रास ४४ दाते आणि मागल्यास १८, अशी मूळची योजना होती. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मागले चाक सुमारे २.४४ फेरे घेई. चाकाचा परीघ ८८ इंच धरला तर एका फेऱ्यात सायकल जवळजवळ १८ फूट पुढे जाई. तिशीतल्या मनुष्यास हे ठीक. मी मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले. आता चाक बरोबर दोन फेरे घेते आणि सायकल १४ फूट ८ इंच जाते. गती त्या मानाने कमी झाली, परंतु मागे पाच किलोचा दळणाचा डबा असताना आणि समोरून वारा असताना गुडघ्यांस जो आराम मिळतो, त्यापुढे ती हानी काहीच नाही. साठीनंतर सायकल सोडून देणाऱ्या गृहस्थांस माझी विनंती आहे की, सायकल सोडण्यापूर्वी हे एक चक्र बदलून पाहावे.

काम अर्ध्यावर असताना एक संग्राहक गृहस्थ सायकल पाहावयास आले. त्यांस वरळीच्या कारखान्याचा पितळी बिल्ला शाबूत असलेली हिंद हवी होती, आणि ते देऊ करीत असलेली रक्कम नव्या सायकलीच्या किमतीहून बरीच अधिक होती. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही नव्या रिमा, नवी साखळी, नवे फ्रीव्हील घालून तिचे अस्सलपण बिघडवीत आहोत; जुन्या गंजलेल्या रिमा तशाच राहिल्या असत्या तर तिचे मोल टिकले असते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचे जे संग्रहालय उघडले, तेथे अशा सायकली एकत्र राहिल्यामुळेच पुढल्या पिढीस त्या पाहावयास मिळतात. प्रत्येक जातीची एक वस्तू जशीच्या तशी कोठेतरी राखली पाहिजे, हे मला मान्य आहे. प्रश्न आमच्या जिन्याखालच्या सायकलीचा होता.

तो प्रश्न फार जुना आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन स्थविर यवन राजास विचारतो की, तू रथातून आलास, तर त्यातला रथ कोणता? धुरा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि शेवटी त्यास मान्य करावे लागते की, 'रथ' हे या सर्वांच्या एकत्र येण्यास दिलेले नाव आहे. मला त्यात एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते की, ते एकत्र येणे कशासाठी, हेही पाहावे. रथ नेण्याआणण्यासाठी एकत्र आला. आमच्या येवल्याच्या विणकरास हे सांगावे लागत नाही. मागावरचे वस्त्र पुरे होत आले म्हणजे तो नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या टोकाशी जोडून घेतो, आणि माग पुढे चालतो. धागे नवे, पण विणकाम अखंड. पैठणी आज जिवंत आहे ती संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांमुळे नव्हे. लग्नकार्यात स्त्रिया ती नेसतात आणि माग त्यामुळे चालू राहतात, म्हणून. मी त्या गृहस्थांस चहा दिला, संग्रहालयाचा पत्ता दिला आणि सायकल दिली नाही. मूळचा रंग, पितळी बिल्ला, चेनकव्हर आणि मडगार्ड यांस मात्र आम्ही हात लावला नाही. गंज काढून त्यांवर तेलाचा हात फिरविला, एवढेच. ज्या भागांवर जीव अवलंबून आहे ते नवे, ज्यांवर आठवण अवलंबून आहे ते जुने, अशी ती वाटणी झाली.

घरातून अर्थातच प्रश्न आला, "अहो, या वयात पडलात तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून काही नियम ठरले. येवल्यात नाशिक-संभाजीनगर आणि नगर-मनमाड हे दोन मोठे रस्ते विंचूर चौफुलीवर एकमेकांस छेदतात. मालमोटारी व कांद्याचे ट्रॅक्टर तेथे रात्रंदिवस चालू असतात. ती चौफुली हातात सायकल धरून पायी ओलांडावयाची. अंधार पडल्यावर पुढे-मागे दिवा असल्याखेरीज निघावयाचे नाही. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. तो धाक आज उरला नाही, म्हणून नियम आपणच करावा. आणि संक्रांतीचे तीन दिवस सायकल घरीच. येवल्याचा पतंगोत्सव प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत भर रस्त्यावरून मांजा आडवा जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरी तो पुरता नाहीसा झालेला नाही, आणि दुचाकीवरील मनुष्याच्या गळ्यास त्याचा धोका सर्वांत अधिक. हे नियम मान्य झाल्यावर सायकलीस कॅरिअर व पुढे टोपली लावण्याची मंजुरी मिळाली.

परिणाम असा की, आमच्या घरची लहानसहान कामे आता स्कूटरविना होतात. आमच्यासारख्या गावी गिरणी, पोस्ट, भाजीबाजार, औषधाचे दुकान ही सारी मैल-दीड मैलाच्या आत असतात. एवढ्या अंतरासाठी स्कूटर काढणे म्हणजे सुई उचलावयास क्रेन लावणे. सपाट रस्त्यावर चालण्याच्या श्रमात सायकल मनुष्यास तिप्पट दूर नेते. पेट्रोल लागत नाही. आणि जुन्या येवल्याच्या अरुंद बोळांत ती जेथे जाते तेथे मोटार शिरतही नाही. आणखी एक लाभ झाला. सायकलवरून जाताना थांबून बोलता येते. वर्षानुवर्षे ज्यांच्या दारावरून नुसता जात होतो, त्यांच्याशी पुन्हा दोन शब्द होऊ लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. वस्तू टिकते कशाने? माप सर्वांचे असावे, ही एक अट. ती वापरात असावी, ही दुसरी. तिसरी अट मला मिस्त्रीच्या दुकानात बसल्यावर दिसली, आणि तीच आज सर्वांत दुर्बळ आहे. मिस्त्रीचे वय माझ्याहून थोडे अधिक. त्याच्या हाताखाली आज एकही मुलगा नाही. त्याचा स्वतःचा मुलगा मोटारसायकलींच्या मोठ्या दुकानात नोकरीस आहे, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पोट सर्वांस आहे. परंतु तारेचा स्वर ऐकून चाक सरळ करणारा हा कान उद्या बंद झाला, तर अठ्ठावीस-दीडची टायरे बाजारात असूनही आमची हिंद पुन्हा जिन्याखाली जाईल. माल मिळेल, माप मिळेल, आणि बसविणारा मिळणार नाही.

सायकलीच्या दुकानास कोणी क्षुद्र समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलीच्या दुकानापासून झाला. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली सायकलीचे दुकान काढले, आणि १९०३ च्या डिसेंबरात त्यांचे विमान उडाले. त्या विमानाचे पंखे सायकलीसारख्याच साखळीने फिरत होते. साखळी, दाते, आस, ताण, घर्षण या सर्वांचे पहिले धडे या दुकानांत फुकट मिळत. यंत्रविद्येची ही प्राथमिक शाळा गावोगाव होती, आणि तिला इमारत लागत नव्हती. एक लिंबाचे झाड व एक पंप पुरे होत.

म्हणून वाचकांपुढे दोन सूचना ठेवितो. ज्यांच्या घरी जुनी सायकल पडून आहे त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा मिस्त्रीस दाखवावी. आमच्या सायकलीस जो खर्च आला तो तशाच नव्या सायकलीच्या निम्म्याहूनही कमी होता. आणि ज्यांच्या घरी बारा ते सोळा वर्षांची मुले-मुली आहेत त्यांनी येत्या सुट्टीत त्यांस पंधरा दिवस, रोज एक तास, अशा मिस्त्रीजवळ बसवावे. शिकवणीस आपण जसे शुल्क देतो तसे त्यासही द्यावे, आणि ते कमीपणाचे मानू नये. माझा नातू आता पंक्चर काढतो, साखळी आवळतो, आणि गेल्या आठवड्यात त्याने शेजारच्या मुलीच्या सायकलीच्या मागल्या चाकाचा आऊट काढून दिला. मिस्त्रीने ते चाक फिरवून पाहिले, दोन तारा पाव-पाव फेरा आवळल्या, आणि बाकीच्या अडतीस तशाच राहू दिल्या.